शिल्लक लोकरीचे टोपडे व मोजे : मुंबई उपनगरातील घरगुती विणकामाचा एक विचार

प्रस्तावना

मुंबईत लोकर विणली जाते, ही गोष्ट परगावच्या माणसास काहीशी विसंगत वाटते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारीतील सरासरी किमान तापमान १६ ते १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. २२ जानेवारी १९६२ रोजी तेथे ७.४ अंशांची नोंद झाली आणि ती शहराची आजवरची नीचांकी नोंद मानली जाते. अशा हवेत स्वेटर ही गरजेची वस्तू ठरत नाही. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील असंख्य घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात सुया व क्रोशे यांसह अर्ध्या-पाव गुंड्यांची एक पिशवी असतेच. विणकाम येथे थंडीसाठी क्वचित आणि नात्यांसाठी अधिक झाले आहे. बाळंतविड्यातील टोपडे व मोजे, रुखवतात मांडलेला रुमाल, दारावरचे लोकरीचे तोरण आणि अलीकडे नाताळात टांगायचा मोजा ही त्याची ठळक रूपे होत.

या पिशवीतील शिल्लक लोकरीचे काय करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ आहे. परंतु तिच्यापासून होणारी वस्तू बहुधा तान्ह्या बाळाच्या अंगावर जाते. त्यामुळे लोकर कशाची आहे, किती आहे आणि ती कशी साठवली होती, या तीन गोष्टींना कलाकुसरीपलीकडचे महत्त्व प्राप्त होते. प्रस्तुत लेखात या तीन गोष्टींचा विचार केला आहे.

विणकाम घरात कसे आले

सुयांवरचे विणकाम व क्रोशाकाम हे महाराष्ट्रातील मूळचे कसब नव्हे. येथील पारंपरिक काम गोधडीचे व वाकळीचे. जुनेर, लुगड्यांचे तुकडे आणि धोतराची पाने एकत्र टाचून त्यातून ऊबदार पांघरूण करण्याची दृष्टी या प्रदेशातील स्त्रियांना फार पूर्वीपासून होती. लोकर व सुया आल्या त्या इंग्रजी अमदानीत. मुलींच्या शिक्षणाचा आरंभ ज्या मिशनरी शाळांतून झाला, तेथे वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम शिकवले जाई. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या व त्यांनी मुलींच्या शाळांचे काम हाती घेतले. पुढे मुंबईतील सेवासदन (१९०८) यांसारख्या संस्थांनी शिवण-टिपण हे स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन मानले. शाळेच्या वेळापत्रकात ‘शिवण’ हा तास स्थिरावला आणि सुलट टाका, उलट टाका, साखळी, मुका खांब, खांब ही परिभाषा मराठी घरांत रुळली. ‘मुका खांब’ या शब्दाची गोडी इंग्रजी पारिभाषिक शब्दास नाही, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

१९६२ हे वर्ष या संदर्भात दोन कारणांनी लक्षात राहते. जानेवारीत मुंबईने आपली सर्वांत थंड रात्र अनुभवली आणि ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले. हिमालयातील जवानांसाठी स्वेटर, मोजे व कानटोप्या विणण्याचे काम त्या वेळी देशभरातील स्त्रियांनी अंगावर घेतले. ज्यांना आयुष्यात लोकरीची गरज भासली नव्हती, अशा प्रदेशांतील हातही त्यात गुंतले.

उपनगरांची वाढ आणि या कसबाचा प्रसार यांचा काळ बराचसा एकच आहे. अंधेरी परिसर १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले. गिरगाव-दादरमधील कुटुंबे उपनगरांत सरकली आणि रोजचा लोकलचा प्रवास लांबला. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू केली. महिलांच्या डब्यात भाजी निवडणे, पोथी वाचणे आणि सुया चालवणे या तिन्ही गोष्टी एका बाकावर चालत आल्या आहेत. मोठा स्वेटर गर्दीत मांडीवर मावत नाही. टोपडे मात्र पर्समधून निघते आणि पर्समध्येच जाते. लहान वस्तू विणण्याकडे असलेल्या उपनगरी कलाचे हे एक साधे कारण असावे.

शिल्लक का उरते

ठाण्यात १९२५ सालापासून रेमंडची लोकरीची गिरणी होती, परंतु तिचे नाव झाले ते सुटाच्या कापडासाठी. हाताने विणावयाची लोकर मुख्यतः लुधियानाहून येते. ती ठरावीक वजनाच्या गुंड्यांत विकली जाते. विणकराची गरज मात्र गुंड्याच्या वजनात बसत नाही. शिवाय एकाच रंगाच्या दोन वेगळ्या घाण्यांत छटेचा फरक पडतो, म्हणून अनुभवी स्त्री एक गुंडा जास्तच घेते. तो गुंडा उरतो, आणि पुढील कामासाठी नवा रंग येतो. दहा वर्षांत पिशवी भरते.

तिचा उपयोग ठरविण्यापूर्वी प्रथम तिचे वजन करावे. स्वयंपाकघरातील साधा काटा पुरतो. चार पदरी लोकरीत अपुऱ्या दिवसांच्या बाळाची टोपी सुमारे १० ते १५ ग्रॅममध्ये, पूर्ण दिवसांच्या बाळाची २० ते २५ ग्रॅममध्ये, तर तान्ह्या मोज्यांची जोडी १० ते १२ ग्रॅममध्ये होते. मोज्यांसाठी उरलेल्या गुंड्याचे आधीच दोन समान भाग करून घ्यावेत. एक मोजा पूर्ण होऊन दुसऱ्याच्या टाचेशी लोकर संपणे हा अनुभव बहुतेक विणकरांच्या वाट्यास आलेला असतो.

यानंतर जाडीचा प्रश्न येतो. तीन पदरी व चार पदरी लोकर एकाच ओळीत आणली तर वीण चुण्या घेते. पातळ लोकर दुहेरी धरल्यास ती जाड लोकरीशी जुळवता येते, मात्र तुकडा विणून टाके मोजल्याशिवाय हा अंदाज खरा मानू नये. सुयांच्या क्रमांकांविषयीही घोटाळा होतो. येथे अजूनही जुनी ब्रिटिश पद्धत चालते आणि तीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते. १० क्रमांकाची सुई ३.२५ मिलिमीटरची, तर ८ क्रमांकाची ४ मिलिमीटरची असते. परदेशी नमुन्यावरून विणणाऱ्या मुली येथेच चुकतात.

एका उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. दीड किलोच्या आसपास वजन असलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर २८ सेंटिमीटर आहे असे मानू. वीण ताणली जाते, म्हणून टोपीचा घेर ३ सेंटिमीटरने कमी, म्हणजे २५ सेंटिमीटर धरावा. १० सेंटिमीटरमध्ये २६ टाके बसत असतील तर एकूण ६५ टाके होतात. ८ ने भाग जावा म्हणून ६४ टाके घालावेत. एक सुलट एक उलट अशी ३ सेंटिमीटरची बॉर्डर, त्यावर साधी वीण साडेचार सेंटिमीटर, आणि मग दर दुसऱ्या ओळीत समान अंतरावर ८ ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र विणावेत. अशा सात घटींनंतर ८ टाके उरतात. त्यांतून दोरा ओवून घट्ट ओढला की माथा बंद होतो. एकंदर उंची साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरते.

धाग्याची ओळख

मराठीत ‘लोकर’ हा शब्द मेंढीच्या केसांपासून निघालेल्या धाग्यास आणि अॅक्रिलिकच्या कृत्रिम धाग्यास सारखाच लावला जातो. ‘कॅशमिलॉन’ हे एका जपानी अॅक्रिलिक तंतूचे व्यापारी नाव, पण कित्येक घरांत ते लोकरीच्या एका जातीचेच नाव होऊन बसले. नव्या गुंड्यावर वेष्टन असते, शिल्लक गुंड्यावर ते नसते. तेव्हा ओळख पटविण्यासाठी जाळून पाहण्याची जुनी कसोटी वापरावी. बोटभर धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर, मुलांपासून दूर पेटवावा. मेंढीची लोकर केस जळल्यासारखी वासते, ज्योत काढली की बहुधा विझते आणि तिची राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक वितळत जळते व मागे कठीण काळा मणी राहतो. सूत कागदासारखे वासते आणि त्याची राख मऊ, करडी असते.

या फरकाचे परिणाम मोठे आहेत. मेंढीची लोकर हवेतील ओलावा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, सूत सुमारे ८ टक्के, तर अॅक्रिलिक अवघे दीड ते दोन टक्के धरून ठेवते. मुंबईच्या दमट हवेत अॅक्रिलिकच्या टोपीखाली घाम साचतो, तो याचमुळे. दुसरीकडे, शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली की तिच्या तंतूंवरील खवले एकमेकांत अडकतात आणि वस्तू आटून जाडजूड होते. रुग्णालयाच्या धुलाईत अशी टोपी एका खेपेत निकामी होते. म्हणून घरी घालण्याच्या वस्तूसाठी मऊ सूत किंवा सूतमिश्रित धागा, वारंवार धुवावयाच्या वस्तूसाठी मऊ अॅक्रिलिक किंवा सूत, आणि बाळाच्या त्वचेशी न येणाऱ्या वस्तूसाठी उरलेले सर्व, अशी विभागणी योग्य ठरते. अॅक्रिलिकवर इस्त्री फिरविल्यास वीण सपाट होऊन कायमची मरते, हे अनेकींना एकदा वस्तू बिघडल्यावरच कळते.

डांबरगोळीचा धोका

येथवर वर्णिलेल्या चुकांनी फार तर वस्तू बिघडते. पुढील चूक जिवावर बेतू शकते, आणि ती सर्वांत निष्पापपणे केली जाते.

लोकरीला कसर लागते म्हणून कपाटात डांबरगोळ्या टाकण्याची रीत सर्वत्र आहे. पांढऱ्या गोळ्यांपैकी अनेक नॅफ्थलीनच्या असतात. हे द्रव्य खोलीच्या तापमानातच हवेत मिसळते व धाग्यात मुरते. काही व्यक्तींच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते. एरवी त्यांस कोणताही त्रास नसतो. परंतु नॅफ्थलीन शरीरात गेल्यास त्यांच्या रक्तपेशी फुटू लागतात. नवजात बालकात याचा परिणाम तीव्र काविळीत होतो, आणि कावीळ प्रमाणाबाहेर वाढली तर मेंदूस कायमची इजा पोहोचते. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दोष मुलग्यांत अधिक प्रकट होतो. भारतात तो अनेक समाजांत आढळतो. पारशी समाजात व गुजरातेतील काही समाजांत त्याचे प्रमाण उल्लेखनीय आहे. मुंबई उपनगरांसारख्या संमिश्र वस्तीत तो आपल्याच घरात नसेल, असे कोणीही गृहीत धरू नये.

१९६३ साली ग्रीसमधील डॉक्टरांनी अशा २१ नवजात बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १९ बालकांचा नॅफ्थलीन असलेल्या वस्तूंशी थेट स्पर्शही झालेला नव्हता. खोलीतील किंवा शेजारच्या कपड्यांची वाफच पुरेशी ठरली. दोन बालके दगावली. या सर्वच बालकांत विकराची कमतरता नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडील परिस्थिती या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. बाळास प्रथम नवे कपडे न घालता घरातील मोठ्या भावंडाचे वापरलेले कपडे घालण्याची चाल अनेक मराठी कुटुंबांत आहे. हे कपडे, आजीने विणलेले टोपडे, दुपटे, कुंची, सारे ट्रंकेतून निघते ते डांबरगोळीच्या वासासकट. तो वास अनेकांना स्वच्छतेचा वाटतो. शिल्लक लोकरीची पिशवीही बहुधा त्याच ट्रंकेत असते, आणि तिच्यापासून आज विणलेली नवी कोरी टोपी वस्तुतः दहा वर्षे गोळीच्या सहवासात राहिलेली असते.

गंमत अशी की, यांतील बऱ्याच गोळ्या व्यर्थ असतात. कसर मेंढीच्या लोकरीतील प्रथिने खाते, अॅक्रिलिक हे तिचे अन्न नव्हे. उपनगरी घरांतील शिल्लक गुंड्यांत अॅक्रिलिकचाच भरणा असल्याने त्यांना या संरक्षणाची गरज नाही. खऱ्या लोकरीसाठी ती धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवणे व पावसाळ्यानंतर उन्हात टाकणे पुरते. ज्या गुंड्यास गोळीचा वास आहे, त्याच्या सैल लड्या करून धुवाव्यात आणि अनेक दिवस उन्हावाऱ्यावर टांगाव्यात. त्यानंतरही वास राहिला तर तो धागा तोरणास वापरावा, तेही बाळंतिणीच्या खोलीपासून दूर. बाळासाठी तो घेऊच नये.

टोपी केव्हा घालावी, केव्हा काढावी

नवजात बालकाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी सुमारे एक पंचमांश भाग डोक्याचा असतो. जन्मतः ओल्या असलेल्या डोक्यावाटे उष्णता झपाट्याने जाते. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, त्याखाली गेल्यास ते गारठले असे समजतात. कमी वजनाच्या बाळांत चरबीचा थर अपुरा असल्याने मुंबईच्या उकाड्यातही हे घडू शकते. बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केलेल्या ‘कांगारू मातृसेवा’ पद्धतीत बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवतात. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी व मोजे एवढेच असते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात २ किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बालकांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या पद्धतीने वाढविलेल्या बालकांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे २४ ग्रॅमने, तर इतरांचे सुमारे १६ ग्रॅमने वाढल्याचे दिसून आले. गारठण्याचे प्रमाणही कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ही सेवा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करण्याची शिफारस केली. १५ ग्रॅम शिल्लक लोकरीस याहून चांगला उपयोग सापडणे कठीण आहे.

परंतु हेच टोपडे बाळ घरी आल्यावर, पंख्याखाली झोपलेले असताना, दिवसरात्र डोक्यावर ठेवणे हितावह नाही. डोके हे उष्णता बाहेर टाकण्याचेही साधन आहे. अतिउष्णता आणि झोपेतील अकस्मात बालमृत्यू यांचा संबंध लक्षात घेऊन अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली असे सुचविले की, जन्मानंतरचे पहिले काही तास व अतिदक्षता विभाग वगळता घरात बाळास टोपी घालू नये. ‘टाळूला वारा लागेल’ ही आजीची चिंता प्रेमापोटी असते, तिचा अनादर करण्याचे कारण नाही. मात्र मे महिन्यात घाटकोपरच्या दहा बाय दहाच्या खोलीत लोकरीचे टोपडे हे त्या चिंतेचे उत्तर होऊ शकत नाही. सुती टोपडे बाहेर नेताना घालावे आणि झोपताना काढावे.

वीण निवडतानाही काही पथ्ये आहेत. जाळीदार नमुन्यात बाळाची बोटे अडकतात. मोज्याच्या आत सुटलेला धागा पायाच्या बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो, आणि बाळ का रडते हे कोणास उमगत नाही. म्हणून मोजा उलटा करून पाहिल्याशिवाय घालू नये. नाडी, मणी, बटण, गोंडा यांपैकी काहीही नवजात बाळाच्या वस्तूस लावू नये. रंगीबेरंगी तुकड्यांची टोपी डोळ्यांस सुंदर दिसते, पण जितके रंग तितक्या गाठी आणि तितकी टोके. बाळासाठी दोन किंवा फार तर तीन रंग, हा नियम त्यामुळे सौंदर्यदृष्टीचा नसून सुरक्षिततेचा आहे.

रुग्णालयास वस्तू देण्यापूर्वी तेथील परिचारिकांना विचारणे आवश्यक असते. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल ही महापालिकेची रुग्णालये उपनगरवासीयांच्या जवळची. कोणत्या मापाची, कशा धाग्याची, किती वेळा धुतली जाणारी टोपी उपयोगी पडेल, हे विभागात काम करणाऱ्यांनाच ठाऊक असते. न विचारता नेलेली वस्तू कपाटात पडून राहते.

नाताळचा मोजा

ज्या तुकड्यांत बाळाची टोपी होत नाही, त्यांची वाट नाताळकडे जाते. अंधेरीचे आंबोली व मरोळ, बोरिवलीचे गोराई या जुन्या गावठाणांतून व गावांतून मराठीची बोली बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज पिढ्यानपिढ्या राहत आला आहे. हे नाव त्याने १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतले. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. भेटवस्तूंचा मोजा टांगण्याची चाल मात्र युरोप-अमेरिकेतील आहे. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील वृत्तपत्रात छापल्या गेलेल्या एका निनावी कवितेत धुराड्यापाशी टांगलेले मोजे आले आणि ती चाल घरोघर पोहोचली. मुंबईच्या घरांत धुराडे नाही. मोजा खिडकीच्या गजास किंवा दाराच्या कडीस टांगला जातो आणि इंग्रजी शाळांमुळे तो आता इतर धर्मीयांच्या मुलांच्या हट्टातही आला आहे.

शिल्लक लोकरीच्या दृष्टीने ही वस्तू उदार आहे. ती कोणाच्या पायात जात नाही, म्हणून माप चुकले तरी चालते. ती त्वचेस लागत नाही, म्हणून अॅक्रिलिक व लोकर यांचा मेळ खपतो. फक्त गोळीचा वास नसावा, कारण तीत खाऊ ठेवला जातो. तीन-चार ग्रॅमचे तुकडेही एकेका पट्ट्यात संपतात. क्रोशाने विणल्यास मुक्या खांबाची वीण घट्ट होते व खाऊच्या वजनाने मोजा लोंबत नाही. सुयांवर विणल्यास साधी वीण ताणली जाते, म्हणून दोरा दुहेरी घ्यावा किंवा सर्व ओळी सुलट विणाव्यात. टाचेची वळणे ज्यांना अवघड वाटतात त्यांनी हाच मोजा प्रथम करावा. येथे चुकलेली टाच भिंतीवर टांगली जाते, बाळाच्या पायात जात नाही. दोन मोठ्या मोज्यांनंतर हात बसला की तान्ह्या मोज्याची टाच सहज वळते. अनेक ठिकाणी शिकवण्याचा क्रम याच्या उलट असतो, आणि नवशिक्या मुली टाचेपाशीच सुया खाली ठेवतात.

नाताळ सरल्यावर मोजे उतरवून ठेवताना त्यांबरोबर पुन्हा डांबरगोळी टाकली जाते. पुढील वर्षी त्याच घरात बाळ आलेले असू शकते.